सायक्सचा चंडोल: वर्गीकरण, संवर्धन आणि माळरान – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळावरच्या तपकिरी पाखरांबद्दल प्रश्न येतात ते बहुतेक एकाच पठडीतले: "हा फोटो बघा, कोण आहे?" पण त्यामागोमाग जे येतात ते जास्त अवघड असतात. नाव सारखं का बदलतं, हा पक्षी धोक्यात आहे की नाही, नसेल तर त्याची एवढी काळजी कशाला. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला तर तिकडे बोट दाखवलं आहे, म्हणजे तेच ते पुन्हा वाचायला लागू नये.

सायक्सचा चंडोल म्हणजे नेमका कोणता पक्षी?

दख्खनच्या कोरड्या माळावर दिसणारा, चिमणीपेक्षा किंचित लहान, सुमारे 14 सेंटीमीटर लांबीचा, तांबूस-तपकिरी रंगाचा चंडोल. डोक्यावर छोटासा टोकदार तुरा असतो, पण तो कायम उभा नसतो. पाडला की पक्षी साधाच दिसतो. छातीवर थोड्याच, बारीक रेघा. शेपटीच्या कडेची पिसं तांबूस. शास्त्रीय नाव गॅलेरिडा देवा. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यापासून गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगण, आंध्रपर्यंतच्या निमकोरड्या भागात तो राहतो आणि भारताबाहेर कुठेही नाही.

रंग मुरमासारखा असल्यामुळे तो बसलेला असताना दिसत नाही, हलला की दिसतो. पाच पावलं तुरुतुरु पळायचं, थबकायचं, बी टिपायचं, पुन्हा पळायचं. मग एखाद्या दगडावर चढून तुरा उभारतो. फोटो काढायचा असेल तर तेवढीच संधी.

चंडोल हा चिमणीच्याच जातीतला ना?

दिसतो तसा, पण नाही. दोघेही पॅसेरिफॉर्मिस या गणातले, म्हणजे फांदी पकडू शकणाऱ्या पायांच्या पक्ष्यांतले. पण हा गण प्रचंड मोठा आहे. पक्ष्यांच्या निम्म्याहून अधिक जाती त्यातच येतात. कावळाही त्यात आहे, सुगरणही.

चंडोलांचं स्वतःचं वेगळं कुल आहे, अॅलॉडिडी, आणि त्यात जगभरात सुमारे 100 जाती आहेत. डीएनएच्या अभ्यासांतून पुढे आलेलं नातं ऐकून अनेकांना धक्का बसतो: चंडोल हा चिमणीपेक्षा बुलबुल आणि भिंगरीला जवळचा आहे. उलट माळावर चंडोलाच्या शेजारी चरणारी, त्याच्यासारखीच दिसणारी तिरचिमणी ही चिमणीच्या गोटातली. एकाच माळावर राहून, तेच खाऊन, त्याच ससाण्याला घाबरून दोघांचे कपडे सारखे झाले एवढंच.

चंडोल कुलाच्या दोन खुणा मात्र पक्क्या आहेत. गाणाऱ्या बहुतेक पक्ष्यांच्या पायाच्या नळीची मागची बाजू धारदार आणि सलग असते, चंडोलांची गोलसर आणि खवल्यांची. आणि त्यांच्या स्वरयंत्रात, जिथे श्वासनलिकेचे दोन फाटे फुटतात तिथे इतर गाणाऱ्या पक्ष्यांत असणारा हाडाचा छोटा आडवा तुकडा नसतो. त्याच्यावाचून गाण्यात काही उणं पडल्याचं ऐकिवात नाही.

हा सायक्स कोण? आणि 'देवा' हे नाव कुठून आलं?

कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. 1824 पासून काही वर्षं तो दख्खनभर फिरला. काम होतं लोकसंख्या, पिकं, जमीन यांची मोजदाद करण्याचं. सोबत पक्षीही मोजले. 1832 मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. आज सर्रास दिसणारे वंचक, राखी वटवट्या, साधा वटवट्या, मोठा राखी सातभाई, या सगळ्यांच्या शास्त्रीय नावापुढे 'सायक्स, 1832' लिहिलेलं असतं ते त्यामुळेच.

नावं देताना त्याला इथले शब्द आवडत असावेत. एका वटवट्याला त्याने 'रामा' म्हटलं, या चंडोलाला 'देवा'. त्याने दिलेलं मूळ नाव अॅलॉडा देवा होतं. पुढे हा पक्षी तुरेवाल्या चंडोलांच्या गॅलेरिडा या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) गेला, दुसरा शब्द तसाच राहिला.

सायक्सचं नाव दोन चंडोलांना आहे. दोन्ही एकच का?

नाही, आणि हा गोंधळ पक्षीनोंदीच्या अॅपवर नोंद करताना फार होतो. दुसरा आहे आखूड बोटांचा चंडोल, कॅलँड्रेला दुखुनेन्सिस. 'दुखुन' म्हणजे दख्खन, नामकरण सायक्सचंच, तेही 1832 चंच. त्याच्या डोक्यावर तुरा नसतो, मानेच्या बाजूला काळसर डाग असतो, आणि तो हिवाळ्यात थव्याने येतो. नावात दख्खन असलं तरी तो इथला नाही. मंगोलिया आणि तिबेटच्या पठाराकडे वीण करतो आणि थंडीपुरता खाली उतरतो. सायक्सला तो हिवाळ्यात दख्खनवर भेटला म्हणून दख्खनचा झाला.

नोंदीत थोडक्यात असं धरा: तुरा आहे आणि एकटा-दुकटा आहे, तर देवा. तुरा नाही आणि चाळीस-पन्नास एकदम उडाले, तर दुखुनेन्सिस.

मग डोंबारी, मुरारी हे कोण?

तेही चंडोलच, पण वेगळ्या प्रजातींचे. डोंबारी हा जाड चोचीचा बुटका पक्षी. नराच्या पोटाखाली काळं, डोक्यावर राख फासल्यासारखं. हवेत उंच जाऊन पंख मिटून खाली झेपावतो, पुन्हा वर उसळतो, म्हणून डोंबारी. मुरारी गडद तपकिरी, शेपटी तांबडी आणि टोकाला काळा पट्टा. नांगरलेल्या काळ्या रानात तो हमखास सापडतो. संवर्धनाबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते थोड्याफार फरकाने या दोघांनाही लागू आहे.

मलबारी चंडोल आणि सायक्सचा चंडोल यांच्यातला फरक कसा ओळखायचा?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

मलबारी चंडोल, गॅलेरिडा मलबारिका, मोठा असतो, सुमारे 16 सेंटीमीटर. छातीवरच्या रेघा जाड, काळ्या आणि भरपूर. तुरा लांब, चोचही लांब. सह्याद्रीचे सडे (माथ्यावरची खडकाळ पठारं), किनारपट्टी, जास्त पावसाचा मुलूख हा त्याचा भाग. सायक्सचा चंडोल घाटाच्या पूर्वेला, पाऊस ओसरतो तिथून सुरू होतो. कासच्या सड्यावर दिसला तर मलबारी, सुप्याच्या माळावर दिसला तर सायक्सचा, असं धरलं तर दहातल्या नऊ वेळा चुकणार नाही.

दहावी वेळ पुण्याच्या आसपास येते. घाटमाथा आणि पठार यांच्या मधल्या पट्ट्यात दोघेही असतात. अशा वेळी नुसत्या रंगावर विसंबू नका. सकाळच्या पिवळ्या उन्हात प्रत्येक चंडोल तांबूस दिसतो. छाती बघा. रेघा गळ्याखाली मोजक्या, विरळ असतील तर सायक्सचा. रेघांचा गच्च पट्टा असेल तर मलबारी. पाठमोरा एकच फोटो असेल तर 'तुरेवाला चंडोल, जात अनिश्चित' एवढंच लिहावं. पुष्कळांना हे कमीपणाचं वाटतं. चुकीच्या नावाची नोंद त्याहून वाईट, कारण ती पुढे नकाशावर जाऊन बसते.

तिसरा भाऊ म्हणजे मोठा तुरेवाला चंडोल, गॅलेरिडा क्रिस्टाटा. तो 18 सेंटीमीटरच्या आसपास, फिका, मातकट, आणि उत्तर व वायव्य भारतातला. महाराष्ट्रात दिसल्याचं वाटलं तर आधी दोनदा तपासा.

आवाजावरून ओळखता येतो का?

फक्त आवाजावरून नको. हा पक्षी नकलाकार आहे. हवेत फडफडत गाताना मध्येच टिटवी घालतो, मध्येच दुसऱ्या कुणाची शीळ. फोनमधलं ओळखणारं अॅप त्यामुळे एका गाण्यात तीन-चार वेगळी नावं दाखवतं. अॅप बिघडलेलं नसतं, पक्षीच खोडकर असतो.

जुन्या पुस्तकात एक शास्त्रीय नाव, नव्या यादीत दुसरं. चूक कुणाची?

बहुतेकदा कुणाचीच नाही. जात म्हणजे शास्त्रज्ञांनी उपलब्ध पुराव्यावरून केलेली मांडणी. पुरावा वाढला की मांडणी बदलते. चंडोलांत हे जरा जास्तच होतं, कारण मातीचा रंग धारण करण्याच्या नादात लांबची नातीही सारखी दिसतात आणि जवळची वेगळी. 2013 मध्ये पेर आल्स्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या कुलाचा डीएनएवर आधारित वंशवृक्ष मांडला तेव्हा नुसत्या दिसण्यावरून केलेल्या कितीतरी प्रजाती मोडाव्या लागल्या. आखूड बोटांच्या ज्या चंडोलाबद्दल वर लिहिलं, तोही आधी युरोप-मध्य आशियातल्या जातीचाच एक पोटभाग मानला जायचा. आपल्या झुडपी चंडोलांचीही प्रजाती अलीकडे बदलली, मिराफ्राची प्लोसीअॅलॉडा झाली.

सायक्सचा चंडोल यात सुखी आहे. त्याच्या उपजाती मानत नाहीत, आणि त्याचं वेगळेपणही आज वादात नाही. तुमच्या जुन्या पुस्तकात त्याचं नाव गॅलेरिडा देवा असेल तर ते आजही बरोबर आहे. इंग्रजी नाव मात्र कधी 'सायक्सेस लार्क', कधी 'टॉनी लार्क' दिसेल. दोन्ही एकाच पक्ष्याची.

हा पक्षी धोक्यात आहे का?

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत तो 'लीस्ट कन्सर्न' या वर्गात आहे, म्हणजे जात म्हणून नामशेष होण्याची भीती सध्या नाही. उत्तर एवढंच हवं असेल तर ते हेच. पण या वर्गाचा अर्थ लोक फार सैल लावतात, म्हणून पुढचा प्रश्न वाचा.

'लीस्ट कन्सर्न' म्हणजे पक्षी सुरक्षित, असंच ना?

नाही. लाल यादी एकच प्रश्न विचारते: ही अख्खी जात जगातून नाहीशी होण्याची शक्यता किती? त्यासाठी ठरलेले निकष आहेत. 'व्हल्नरेबल' म्हणजे असुरक्षित ठरायला दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातलं जे जास्त असेल त्या काळात, संख्या 30 टक्क्यांनी तरी घटायला हवी. किंवा पसारा 20,000 चौरस किलोमीटरच्या आत असून सोबत घट आणि त्या पसाऱ्याचे तुकडे पडणं दिसायला हवं. किंवा प्रौढ पक्षी 10,000 पेक्षा कमी आणि तेही घटत असायला हवेत. सायक्सच्या चंडोलाचा पसारा अर्ध्या द्वीपकल्पाएवढा. तो या चाळणीतून खाली पडत नाही.

पण ही चाळणी तुमच्या तालुक्याची नाही. एका तालुक्यातले सगळे चंडोल संपले तरी यादीतला वर्ग बदलणार नाही.

याचं उत्तम उदाहरण मोठा राखी खाटीक हा पक्षी. जागतिक यादीत तोही 'लीस्ट कन्सर्न'. पण 2023 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालानुसार भारतात त्याच्यात दीर्घकाळात 80 टक्क्यांहून जास्त घट झाली. तो राहतो माळरानात आणि खुरट्या काटेरी झुडपांत, म्हणजे चंडोलाच्या शेजारीच. त्याच अहवालात 942 जाती तपासल्या आणि 178 जातींना सर्वाधिक प्राधान्य द्यायला हवं असं म्हटलं. गवताळ प्रदेशातल्या पक्ष्यांची घसरण हा त्यातला ठळक मुद्दा होता.

तो फक्त भारतात आढळतो. मग आपोआप दुर्मिळ ठरत नाही का?

प्रदेशनिष्ठ असणं आणि दुर्मिळ असणं या वेगळ्या गोष्टी. मोठ्या प्रदेशात पसरलेली प्रदेशनिष्ठ जात भरपूर असू शकते. फरक जबाबदारीचा आहे: मोठा तुरेवाला चंडोल इथून गेला तरी युरोपात, अरबस्तानात राहील. सायक्सच्या चंडोलाला दुसरा देश नाही.

खरा धोका कशाचा आहे?

जमिनीच्या वर्गीकरणाचा. पक्ष्याच्या वर्गीकरणावर आपण एवढा काथ्याकूट करतो, पण त्याचं भवितव्य सातबारावर ठरतं.

माळाला कागदोपत्री काय म्हणतात ते आठवा: पडीक, पोटखराबा, गायरान. देशाच्या पातळीवर तर 'वेस्टलँड्स अॅटलास' म्हणून नकाशासंग्रहच आहे. 2019 च्या आवृत्तीत सुमारे 5.6 कोटी हेक्टर, म्हणजे देशाच्या जवळजवळ 17 टक्के जमीन, वेस्टलँड या सदरात आहे, आणि त्यात खुरटी झुडपं आणि चराऊ कुरणं यांचे चक्क वेगळे गट आहेत. जी जमीन आधीच 'वाया गेलेली' ठरली तिचं काहीही केलं तरी ती सुधारणाच दिसते. कालव्याचं पाणी आलं, ऊस लागला: सुधारणा. मुरूम उपसला, प्लॉट पाडले: विकास. सौर पॅनेल मांडले: हरित ऊर्जा. चंडोलाच्या बाजूने कागदावर एक ओळ नसते.

आणि माळ ओसाड नसतो. उन्हाळ्यात सुकलेला दिसतो, पण पहिल्या पावसानंतर गुडघे टेकून बघा. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी निदान चार गवतं हाताच्या अंतरात सापडतील. कुसळीचं बी तुमच्या मोज्यात घुसेल. नाकतोडे उडतील. चंडोलाच्या पिल्लांचा सगळा खुराक त्यात असतो. मोठे पक्षी बियांवर भागवतात, पिल्लांना किडे लागतात.

झाडं लावणं तरी चांगलंच ना?

जंगलात, रस्त्याकडेला, गावात: लावा. माळावर नको. लोकांना सर्वात जास्त राग या उत्तराचा येतो, हे ठाऊक आहे.

सासवडच्या पुढच्या एका माळावर मी बरीच वर्षं जातो. एका पावसाळ्यात तिथे चर खणले, खड्डे घेतले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावलं. रोपं डोक्याएवढी झाली तसे चंडोल आणि धाविक कमी झाले, बुलबुल आणि सातभाई आले. पक्ष्यांची यादी लांबलीसुद्धा, म्हणून सगळे खूश. पण बुलबुलाला राहायला गावातली प्रत्येक बाग आहे. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला मोकळी नजर लागते. झाड आलं की त्यावर कावळा बसतो, आणि कावळ्याला वरून घरटं दिसतं.

चराई आणि वणवे यांनी नुकसान होतं का?

बेताच्या चराईने नाही. धनगरांची मेंढरं येऊन पुढे जातात तेव्हा गवत कापल्यासारखं होतं, पण मुळं राहतात. आखूड गवत आणि उघडी माती यांचं ठिगळकामच या चंडोलाला हवं असतं. गच्च, कमरेएवढ्या गवतात तो राहत नाही. पूर्ण कुंपण घालून चराई बंद केली की काही वर्षांत तो तिथून हलतो.

जास्त चराई मात्र माळाला उघडा पाडते. वणव्यात प्रश्न असतो तो वेळेचा: हिवाळ्याच्या शेवटी पेटवलेला माळ पावसात हिरवा होतो, पण घरट्यांच्या दिवसांत लावलेली आग अंडी घेऊन जाते. त्यात अलीकडे भर पडली ती मोकाट कुत्र्यांची. कचरा टाकायला सुरुवात झाली की त्यामागोमाग ती माळावर येतात.

माळढोक अभयारण्यामुळे चंडोलाला संरक्षण मिळत नाही का?

थोडं मिळतं. सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं. सुरुवातीला त्याचं क्षेत्र सुमारे 8,500 चौरस किलोमीटर होतं, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. निर्बंधांमुळे लोकांचा रोष वाढला आणि नंतर ते सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक आज अतिसंकटग्रस्त आहे. तणमोराचंही तेच. त्यांच्यासाठी राखलेल्या कुरणांत चंडोल, डोंबारी, पखुर्डी यांची सोय होते हे खरं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, तिथेही चंडोल भरपूर.

पण बहुतेक चंडोल अभयारण्यात राहत नाहीत. ते गावच्या गायरानात, दोन शेतांमधल्या पडीत, टेकडीच्या उतारावर राहतात. अशा जागांना कुणी वाली नसतो.

चंडोल पाळता येतो का? पूर्वी लोक पिंजऱ्यात ठेवायचे.

नाही. गाण्यासाठी चंडोल पाळायची जुनी हौस होती, आता तो गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या चौथ्या अनुसूचीत अख्खं चंडोल कुल होतं. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. आता चौथी अनुसूची आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या जातींसाठी आहे, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकातला 'अनुसूची 4' असा उल्लेख तसाच उचलू नका. आणि कायद्यातल्या 'शिकार' या शब्दात अंडी आणि घरट्यांची नासधूस करणंही येतं.

शेतात नांगरताना घरटं सापडलं, किंवा जमिनीवर पिल्लू दिसलं. काय करायचं?

घरटं म्हणजे ढेकळाच्या किंवा गवताच्या बुंध्याच्या आडोशाला असलेली वाटीएवढी खळगी, आत गवताचं अस्तर, दोन-तीन ठिपकेदार अंडी. उचलून बांधावर ठेवू नका, आई परत येणार नाही. चारही बाजूंनी हात-दोन हात जागा सोडून नांगर वळवा. काठी रोवून खूण करू नका, कावळ्याला ती खूण आधी कळते. लांबच्या बांधावरच्या एखाद्या दगडावरून अंदाज धरा.

पिल्लाचं उत्तर वेगळं आहे. चंडोलाची पिल्लं उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि गवतात पांगतात. अंगावर पिसं आहेत, डोळे उघडे आहेत, हलत नाही, म्हणजे ते हरवलेलं नाही, लपलेलं आहे. घरी आणू नका. पन्नास पावलं मागे जाऊन बसा. चोचीत नाकतोडा घेतलेली आई जवळपासच घुटमळत असते, तुम्ही हलण्याची वाट बघत.